फुकटचं मांजर

मंडळी, 'मांजर काय, फुकट मिळतं' हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या घरी मांजर नव्हतं हे मी आज छातीठोकपणे सांगू शकतो. मांजर फुकट मिळतं हे खरं. मिळतं कसलं, गळ्यातच पडतं! पण त्यानंतरचं काहीही फुकट नसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे कोंबडी शून्य आण्याची आहे आणि मसाल्याचा हिशोब माझ्याकडे एका दोनशे पानी वहीत लिहिलेला आहे. त्या वहीचीच ही गोष्ट.

आधी पात्रपरिचय. आमच्या हॉस्टेलात आईवडिलांनी ठेवलेलं नाव पहिल्या आठवड्यातच गळून पडतं आणि गावाचं नाव चिकटतं. त्यामुळे मी 'परभणी'. माझे रूममेट 'सोलापूर' आणि 'चिपळूण'. सोलापूर बोलायला कडक, आतून एकदम मऊ. चिपळूण शांत, पण माशांचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. आणि मी किराणा दुकानदाराचा मुलगा. खिशात पैसे कमी, पण हिशोबाची वही कायम सोबत. आमच्या अप्पांचा एक नियम आहे: वहीत 'किरकोळ' असा शब्द लिहायचा नाही. "किरकोळ लिवलं की समज, पैसा तिथूनच गळतोय." हे ते मला सातवीपासून सांगतात.

२०२३ च्या ऑगस्टमधला पहिला आठवडा. सेकंड इयर. पावसाची झड लागलेली. मेसच्या मागे, जिथे जुने मोडके ड्रॉइंग बोर्ड रचून ठेवलेत, तिथून रात्री बारीक आवाज यायला लागला. टॉर्च मारून पाहिलं तर दोन पिल्लं. एक तिरंगी, दुसरं काळंकुट्ट, छातीवर पांढरा ठिपका. त्यांची आई दोन दिवस येताजाता दिसली, मग दिसेनाशीच झाली. तिसऱ्या रात्री पाऊस एवढा वाढला की सोलापूर काही न बोलता उठला, स्वतःचा टॉवेल घेऊन खाली गेला आणि दोघींना गुंडाळून वर घेऊन आला.

(रेक्टर सरांना नम्र विनंती की हा परिच्छेद वाचू नये. खोलीत प्राणी ठेवण्यास मनाई आहे याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. कागदोपत्री ही पिल्लं मेसच्या मागेच राहत होती.)

तिरंगीचं नाव 'मनी' ठेवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काळीचं ठेवलं होतं 'किटी'. पण सेकंड इयरच्या पोरांच्या तोंडात 'किटी' किती दिवस टिकणार? चार दिवसांत तिची 'केटी' झाली. मग हॉस्टेलभर विनोद सुरू. "काय रे, तुम्हाला केटी लागली म्हणे?" "हो, एकच आहे. काळी."

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनी खातं'. तिघांनी प्रत्येकी ५०० काढले. एकूण जमा १,५००. पुढे दर महिन्याला माणशी १०० वर्गणी. खर्चाच्या बाजूला दोनच ओळी होत्या: दूध आणि बिस्किटं. मांजर दूध पितं, डोळे मिटून पितं, याच्यापलीकडे आमचं ज्ञान नव्हतं. इंजिनिअरिंगला आल्यापासून एवढ्या आत्मविश्वासाने केलेलं आमचं हे पहिलंच एस्टिमेट. आणि पहिल्या आठवड्यातच ते कोसळलं.

दोघींनाही जुलाब लागले. टॉवेल गेला, सोलापूरची चादर गेली, माझ्या एका जर्नलची दोन पानं गेली. (सरांना 'पावसात भिजलं' असं सांगितलं होतं. क्षमस्व.) मग दोघींना झाकणाच्या भाजीच्या टोपलीत घालून आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तिथलं दृश्य आजही आठवतं. रांगेत दोन म्हशी, पाच-सहा शेळ्या, एक वासरू आणि टोपली घेतलेले आम्ही तिघं. पुढचे आजोबा टोपलीत डोकावून म्हणाले, "किती लिटर देती?" सगळी रांग हसली. आम्हीही हसलो.

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. जंताचं औषध दिलं आणि पहिला धक्काही दिला. म्हणाले, गाईम्हशीचं दूध बंद. आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. त्यांनी दूध आवडीने पिणं वेगळं आणि ते त्यांना चालणं वेगळं. दुसरा धक्का म्हणजे मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला लागतो, तो मांसमच्छीतून मिळतो. नुसत्या दूधपोळीवर ठेवलं तर पुढे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. तिसरा धक्का लशीचा. आठ आठवड्यांच्या सुमारास तीन आजारांची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिचाच दुसरा डोस आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. "ती थ्री-इन-वन बाहेर खासगीत घ्यावी लागेल. पण चुकवू नका," एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर पडताना तेच आजोबा म्हशीला दोरी लावत उभे होते. त्यांना म्हटलं, "आजोबा, मांजराला पण लस असते म्हणे." ते म्हणाले, "असंल की. म्हशीची लाळ-खुरकुताची लस मी कधी चुकवत न्हाय बघा. आपल्याला आजार परवडत न्हाय, म्हणून लस परवडती."

वाक्य भारी होतं. वहीत लिहून ठेवायला हवं होतं. आम्ही ते मेसमध्ये सगळ्यांना सांगून हशा मिळवला आणि विसरून गेलो.

पुढचा महिना मजेत गेला. चिपळूणने खाण्याचं खातं हातात घेतलं. बाजारातून स्वस्तातली छोटी मासळी, चिकनवाल्याकडून काळीज आणि माना आणायचा, मेसच्या मावशींना पटवून बिनमिठाचं उकडून घ्यायचा, काटे काढायचा. सोबत दुकानातलं कोरडं खाणं. शी-शूचा प्रश्न आम्ही स्थापत्यशास्त्राच्या मदतीने सोडवला. नव्या इमारतीच्या बांधकामावरची वाळू, एका सिव्हिलवाल्या मित्राने ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळून दिली. 'सीव्ह अ‍ॅनालिसिस' या प्रॅक्टिकलचा आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग! (चाळणी स्वच्छ होती, वाळूही कोरीच होती. लॅबमधल्या सरांनी काळजी करू नये.)

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लशीची वेळ आली. वहीत शिल्लक होते ९४०. एका डोसचे ८०० रुपये. दोघींचे १,६००. आता काय करायचं? तिघं बसून बराच वेळ बोललो. खरं सांगायचं तर निर्णय आम्ही घेतलाच नाही, तो केटीनेच घेतला. निघायच्या वेळी ती मेसच्या गॅस सिलिंडरच्या मागे जाऊन बसली आणि अर्धा तास काही केल्या हाती लागेना. मनी टोपलीत शहाण्यासारखी बसली होती. मग सोलापूर म्हणाला, "पैसे एकीचेच आहेत ना? मनीला घेऊन जाऊ. हिला पुढच्या महिन्यात."

मी वहीत लिहिलं: 'लस – मनी – ८००. लस – केटी – पुढच्या महिन्यात.' शिल्लक १४०.

१९ सप्टेंबरला गणपती आले. हॉस्टेलच्या गणपतीची वर्गणी, त्यात टेक फेस्टचा टी-शर्ट. त्या महिन्याची मनी खात्याची वर्गणी कोणीच भरली नाही आणि कोणी कोणाला विचारलंही नाही. टी-शर्ट ४५० रुपयांचा होता. माझ्याकडे अजून आहे. दोन धुण्यांत त्याचा रंग गेला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केटीने खाणं सोडलं. सकाळी पिवळट फेस ओकली. आम्हाला वाटलं, काहीतरी खाल्लं असेल बाहेर. दुपारी लेक्चरवरून आलो तर ती पाण्याच्या वाटीवर मान खाली घालून बसलेली. पाणी पीत नव्हती, नुसती बसली होती. अंग गरम लागत होतं. मी ड्रॉवरमधून पॅरासिटामॉलची गोळी काढली, अर्धी मोडली, पाण्यात विरघळवणार तेवढ्यात चिपळूण म्हणाला, "थांब, आधी डॉक्टरांना विचारू." त्याचे उपकार मी विसरणार नाही. नंतर कळलं की आपली ही साधी तापाची गोळी मांजराला विष आहे. अर्ध्या गोळीनेसुद्धा जीव जाऊ शकतो. प्रत्येक हॉस्टेलच्या खोलीत ती गोळी असते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

खासगी दवाखान्यातल्या मॅडमनी केटीला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लस झालीय?"

तिघंही गप्प.

रक्त तपासलं. आजाराचं नाव पॅनल्यूकोपेनिया. विषाणूचा आजार. तो आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतल्या मगजावर हल्ला करतो, पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. मग शरीराजवळ लढायला सैन्यच उरत नाही. त्या विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक आणि ऊब. बाकी पिल्लाच्या जिवावर. मॅडम म्हणाल्या, "या वयाच्या, लस न झालेल्या पिल्लांत यातून फार थोडी वाचतात. तुम्ही ठरवा, मी प्रयत्न करते."

आता वहीतलं ते पान जसंच्या तसं देतो.

रक्ततपासणी ७००.
सलाईन आणि इंजेक्शनं, रोजचे ९५० प्रमाणे तीन दिवस, २,८५०.
रिक्षा २६०.
ब्लीच, नवा टब २४०.
एकूण ४,०५०.

जमा बाजूला होते आधीचे १४० आणि घाईघाईने गोळा केलेली ऑक्टोबरची वर्गणी ३००. म्हणजे ४४०. सोलापूर आणि चिपळूणने मिळून १,२१० दिले. उरलेले २,४०० माझे. ते अप्पांनी परीक्षेच्या फॉर्मसाठी पाठवलेले होते.

तीन दिवस आम्ही आळीपाळीने जागलो. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवायचं, थंड झालं की बदलायचं. मेसच्या मावशी रात्री अकराला पाणी तापवून देत होत्या. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास चिपळूणने मला उठवलं. काही बोलला नाही. मी समजलो. आमच्या हॉस्टेलात केटी आज ना उद्या सुटतेच असं म्हणतात. आमची नाही सुटली.

सकाळी ड्रॉइंग बोर्डांच्या मागे, कडुनिंबाखाली तिला पुरलं. सोलापूरने तोच टॉवेल दिला.

मनीला काही झालं नाही. एका डोसवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, पण तेवढ्याने तरी तारलं असावं, असं मॅडम म्हणाल्या. खोली मात्र धुवून काढायला लावली. हा विषाणू फरशीवर, टबात, कपड्यांत वर्षभरही टिकू शकतो. साध्या साबणाने जात नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. आम्ही सवयीने फिनेलची बाटली काढली होती. मॅडमनी तीही बंद केली, कारण फिनेल मांजराला बाधतं. दोन वर्षं 'मटेरियल्स' शिकूनसुद्धा आपल्या बाथरूममधली बाटली आपल्याला माहीत नसते, हे त्या दिवशी कळलं.

आता फॉर्मचे पैसे. तीन दिवसांत मुदत संपणार होती. अप्पांना फोन करायला मला हिंमत गोळा करावी लागली. दोन दिवस उधार मागून बघितलं, पण महिन्याच्या मध्यावर हॉस्टेलात कोणाकडे एवढे पैसे असतात? शेवटी रात्री, दुकान बंद व्हायच्या वेळेला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, 'मांजरासाठी?' असा एक आवाज येईल आणि पुढचं ऐकवणार नाही. पण अप्पा एवढंच म्हणाले, "वही हाय का जवळ?"

"आहे."

"वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. दूध, बिस्किटं, जंताचं औषध, मासळी. ते हं, हं करत होते. 'लस, मनी, आठशे' असं वाचलं तेव्हा त्यांनी थांबवलं.

"आन दुसरीची?"

"ती... पुढच्या महिन्यात, असं लिहिलंय."

बराच वेळ पलीकडून शटरचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "तुला वाटलं, आठशे वाचले. खर्च ठरलेला असला अन् तो पुढं ढकलला, तर तो वाचत नसतोय बाबा. उधारीवर जातोय. उधारी थकली की काय व्हतंय, हे तुला दुकानात बसून म्हाईत नाही का?"

मला रडू आलं. ते बहुतेक त्यांना कळलं असावं, कारण लगेच म्हणाले, "फॉर्म येळेत भर. दंड नको."

सकाळी खात्यावर पैसे आले. २,४०० नाही, ३,२०० आले होते. खाली मेसेज: 'वरचे आठशे मनीच्या दुसऱ्या डोसचे. आजच दे.'

त्या दिवशी मी वहीत नवीन पान काढलं. आम्हाला शिकवतात ना, ब्रेकडाऊन मेंटेनन्स आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स? मशीन बंद पडल्यावर दुरुस्त करणं आणि बंद पडू नये म्हणून आधीच तेलपाणी करणं. दोन्हींतला फरक मी परीक्षेत सहा मार्कांसाठी तक्ता आखून लिहिला होता. पैकीच्या पैकी मिळाले होते. पण आठशे रुपयांच्या तेलपाण्याऐवजी चार हजार पन्नासचा ब्रेकडाऊन मी स्वतःच्या हाताने लिहिला, तेव्हा कुठे तो तक्ता समजला. आणि मशीन निदान पुन्हा सुरू तरी होतं.

नव्या पानावर मी खर्चाचे तीन भाग केले. रोजचा, ठरलेला आणि अचानक. रोजचा म्हणजे खाणं आणि वाळू. ठरलेला म्हणजे ज्याची तारीख आधीच माहीत असते: लस, जंताचं औषध, ऑपरेशन. त्याचे पैसे त्या महिन्यात शोधायचे नाहीत. आधीच्या महिन्यांपासून थोडेथोडे वेगळे ठेवायचे आणि त्याला कोणत्याही टी-शर्टने हात लावायचा नाही. अचानकसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वर्गणी वाढवली. टपरीवरचा संध्याकाळचा दुसरा चहा तिघांनी बंद केला. सेमिस्टर संपल्यावर मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतली रद्दी गोळा करून विकली, ते पैसेही डब्यात. दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद, तेव्हा गेटवरच्या वॉचमन मामांनी मनीला सांभाळलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणून वहीत 'मामा – चिवडा, चकली – घरचे' अशी ओळ आहे. बिनपैशाचा खर्चसुद्धा लिहायचा, नाहीतर आपण तो विसरतो.

जानेवारीत मनी सहा महिन्यांची झाली तेव्हा ऑपरेशन केलं. यावरही हॉस्टेलात चर्चा झाली. 'कशाला बिचारीला? निसर्ग आहे.' मी वही उघडली. मांजर चार-पाच महिन्यांचं असतानाही माजावर येऊ शकतं. दोन महिन्यांत पिल्लं होतात, एका वेतात तीन-चार, आणि अंगावर पिल्लं असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. प्रत्येक पिल्लाची लस गुणिले दोन डोस. हा गुणाकार मी मोठ्याने केला तेव्हा निसर्गवादी मंडळी शांत झाली. खासगीत साडेतीन हजार सांगितले होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या शिबिरात १,२०० मध्ये झालं, वर औषधं आणि गळ्यातली कॉलर ४५०.

ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४, मनीचं एक वर्ष. केटीचं पान यात धरलेलं नाही.

खाणं, महिना ६०० प्रमाणे ७,२००.
पावसाळ्यात वाळू ओली असते म्हणून विकतचं लिटर, चार महिने, १,२००.
तिन्ही लशी मिळून १,८५०.
जंताचं औषध सहा वेळा, ३००.
ऑपरेशन आणि औषधं १,६५०.
टोपली, टब, वाट्या ५५०.
अचानक (मारामारीत कानामागे झालेली जखम, ती पिकली) ९००.
एकूण १३,६५०.

म्हणजे महिन्याला साधारण ११४०, माणशी ३८०. कुठेही 'किरकोळ' नाही.

पहिल्या वर्षाचे काही खर्च पुढे येत नाहीत, हे खरं. पण काही नवे येतात, आणि मुख्य म्हणजे वर्षं येतात. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. आपली डिग्री चार वर्षांची. (केटी धरून पाच-सहा म्हणा.) हॉस्टेलमध्ये मांजर पाळणाऱ्या कोणीही हे वजाबाकीचं गणित केलेलं नसतं. दर जूनमध्ये फायनल इयर खोल्या रिकाम्या करतं आणि मेसच्या मागे दोन-तीन मांजरं आठवडाभर बंद दारांपुढे बसून राहतात. ती मी तीन वर्षं पाहिली आहेत. त्यांना रोज मासे भरवणारी पोरं वाईट नव्हती हो. त्यांच्या वहीत 'आम्ही गेल्यावर' असं पान नव्हतं, एवढंच.

गेल्या महिन्यात फर्स्ट इयरची दोन पोरं आमच्या खोलीत आली. शर्टाच्या आत पिल्लू. "दादा, तुम्ही मांजर पाळलंय ना? किती खर्च येतो?" मी त्यांच्या हातात वही दिली. केटीचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मी त्यांना पाळू नका म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की आधी लशीचे पैसे बाजूला काढा, मग नाव ठेवा. तेवढंही जमत नसेल तर सगळ्या मजल्याने दहा-वीस रुपये काढून तिची लस आणि ऑपरेशन करा, आणि मेसच्या मागेच राहू दे. तीही एक प्रकारे पाळणंच आहे. खोलीत घेऊन, फोटो काढून, जूनमध्ये सोडून जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि मनी? सोलापूरच्या घरी कुत्रा आहे, चिपळूणच्या आईला दम्याचा त्रास. राहिलो मी. गेल्या दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी तिला टोपलीत घालून गावी घेऊन गेलो. अप्पांना आधी विचारलं होतं. ते हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. फक्त म्हणाले होते, "दुकानात उंदरं लई झाल्यात."

मनीने त्या आठ दिवसांत एकही उंदीर धरला नाही. साखरेच्या पोत्यावर बसून गिऱ्हाइकांकडे बघत राहिली. सुट्टी संपल्यावर तिला परत आणायचं ठरलं होतं, पण निघायच्या दिवशी अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या परीक्षा हायेत."

पाडव्याला आमच्या दुकानात नवी वही सुरू होते. हळदकुंकू वाहून, पहिल्या पानावर श्री लिहून झालं की अप्पा गिऱ्हाइकांची खाती एकेक करून मांडतात. त्या दिवशी मी शेजारी बसून नावं वाचून दाखवत होतो. शेवटचं नाव झालं, तरी त्यांनी वही मिटली नाही. एक कोरं पान काढलं, चष्मा सारखा केला आणि वर लिहिलं, 'मनी'. खाली पहिली ओळ: 'लस – तारीख?'

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कधीची हाय? सांग लवकर."